सगळं जसंच्या तसं

आईच्या फोनमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. फोटो काढायला गेलं की तो 'जागा नाही' म्हणायचा. कुणाचा फोन आला तर घंटी वाजायच्या आतच समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. एकदा बटण दाबलं की आई चहा टाकून यायची, तरी पडदा हललेला नसायचा. आता गंमत अशी, की मोबाईल दुरुस्त करणं हाच माझा धंदा. चौकातल्या इमारतीत तळमजल्यावर माझं दुकान आहे, अरुंद आणि लांबट, आत शिरताना पोट आत घ्यावं लागतं असं. सगळ्या वस्तीचे फोन मी ठीक करून देते आणि माझ्या सख्ख्या आईचा फोन हा असा. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" हे आईच मला ऐकवायची, आणि तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना.

उपाय सोपा होता. फोनमध्ये जे आहे त्याची दुकानातल्या कॉम्प्युटरवर कॉपी घ्यायची, फोन पुसून कोरा करायचा, म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा, आणि मग कॉपीतलं सगळं परत आत भरायचं. कचरा जातो, फोन पळायला लागतो. मी हे रोज करते. चहा पीत पीत करते. पण आई ऐकेल तर शपथ.

"पुसायचा म्हणजे? माझं सगळं त्यात आहे, ठमे."

ठमी म्हणजे मी. लहानपणी गुटगुटीत होते; आता चाळिशी ओलांडली, वजन उतरलं, नाव काही उतरलं नाही. घरात आम्ही दोघीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या आवाजातले चार निरोप आईच्या फोनमध्ये होते, 'किल्ली कुठे ठेवलीस' छापाचे. शिवाय मी दुकानातून निघताना रोज तिला एकच शब्द पाठवते, 'निघाले'. असे वर्षानुवर्षांचे 'निघाले' तिने जपून ठेवले होते. एकही पुसू द्यायची नाही.

"सगळं परत येतं गं आई."

"सगळं?"

"जसंच्या तसं. शब्द देते."

"तुझा शब्द! शाळेत पहिला नंबर आणते म्हणाली होतीस."

शेवटी एका दुपारी ती स्वतःच दुकानात येऊन बसली. माझ्यावर सोपवून घरी थांबण्याइतका तिचा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर तिने मांडीवर पिशवी घेऊन ठाण मांडलं आणि काउंटरवरच्या धुळीपासून माझ्या केसांपर्यंत एकेकाचा समाचार घ्यायला सुरुवात केली.

त्याच वेळी ग्रंथपाल बाई आल्या. मागच्या रस्त्यावरच्या वाचनालयात त्या पूर्वी कामाला होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वाचनालयातलाच होता. इतकं हळू बोलायच्या, की मला काउंटरवर ओणवं होऊन ऐकावं लागायचं. चष्मा दोरीला बांधलेला, करडा स्वेटर, बाकावर बसतानासुद्धा कडेला, जणू जागा दुसऱ्या कुणाची आहे. त्यांनी फोन पुढे केला आणि मला हसू आलं. आईचा होता तोच, तोच निळा रंग, तीच कंपनी, तक्रारही तीच.

"आपल्याला त्रास नसेल तर..." त्या म्हणाल्या.

"कसला त्रास! दोन्ही एकदमच करून टाकते."

माझी कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. गिऱ्हाइकाच्या फोनचं कव्हर काढलं की मी मागे चिकटपट्टीचा तुकडा लावते आणि त्यावर त्यांचा नंबर लिहिते. आईच्या फोनला मी पट्टी लावली नाही. घरचा तर होता. शिवाय त्याचा खालचा कोपरा उडालेला होता, तो ओळखायला मला पट्टीची काय गरज? दोन्ही फोन मी दोन वायरींना जोडले, डावीकडे आईचा, उजवीकडे बाईंचा. दोन्हींच्या कॉप्या घेतल्या. मग दोन्ही पुसले.

फोन कोरा होताना काही वेळ पडदा काळा असतो, मग पांढरा होतो. त्या अवधीत दुकानात एकदम शांत वाटलं. आईची टकळी बंद पडली होती. मी मनात म्हटलं, चला, दमली एकदाची. वळून बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात एकजण पाण्यात पडलेला फोन घेऊन धापा टाकत आला. पाण्यात पडलेल्या फोनला थांबवून चालत नाही. मी टेबलावर जागा करायला दोन्ही निळे फोन वायरींवरून काढले, बाजूला सरकवले, त्याचा फोन उघडून वाळत ठेवला, आणि मग निळे फोन परत जोडले. दोन्ही उताणे. दोन्हींच्या काचेवर तोच पांढरा उजेड आणि 'स्वागत' हा तोच शब्द. कोपरा बघायला हवा होता, पण पाण्याच्या फोनमधून धूर येतो की काय याकडे माझं लक्ष होतं. डावी कॉपी डाव्या वायरीतून गेली, उजवी उजव्या वायरीतून.

देताना मात्र मी उडालेला कोपरा बघून आईचा फोन आईला दिला आणि पट्टी बघून बाईंचा बाईंना. म्हणजे फोन ज्याचे त्याला गेले. आतला माल तेवढा बदलला.

"बघून घ्या हं, सगळं आलं का," मी नेहमीसारखं विचारलं.

दोघींनी काचेवर बोट फिरवलं. दोघी बराच वेळ बघत राहिल्या.

"आलं," आई हळू आवाजात म्हणाली.

"आलं बाई एकदाचं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

काम झालं की गिऱ्हाइकासमोर कॉम्प्युटरवरची कॉपी पुसून टाकायची, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. लोकांचं खाजगी असतं त्यात. या नियमाचा मला अभिमान होता. मी दोन्ही कॉप्या पुसल्या. शेजारीण घराकडे निघाली होती, तिच्याबरोबर आईला धाडलं आणि बाईंना रिक्षात बसवून रिक्षावाल्याला त्यांचा पत्ता सांगितला.

संध्याकाळी घरी पोचले तर आई बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या कडेला बसली होती. पिशवी मांडीवर होती आणि दिवा लावलेला नव्हता. एरवी मी कुलूप उघडायच्या आत तिचा आवाज जिन्यात येतो. मी दिवा लावला, चहा ठेवला आणि सहज तिचा फोन उचलला. बघते तो अनोळखी माणसं. एक टक्कल पडायला लागलेला तरुण, त्याची बायको, एक लहान मुलगी, पुस्तकांच्या कपाटांचे फोटोच फोटो. मी कपाळावर हात मारला.

"अगं आई, घोटाळा झाला! हे सगळं त्या ग्रंथपाल बाईंचं आहे. तू बघितलंस तरी बोलली नाहीस?"

आई माझ्याकडे बघून हसली. ओठ न उघडता, नम्रपणे. असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"माझंच आहे ते," ती म्हणाली. "हा माझा मुलगा. लहानपणी त्याला 'र' म्हणता यायचा नाही. शाळेत पोरं चिडवायची म्हणून तो 'र' नसलेले शब्द शोधून शोधून बोलायचा."

आईला फिरकी घ्यायची सवय आहे. एकदा तिने शेजारणीला आठवडाभर पटवलं होतं की मी पोलिसात लागले. मी म्हटलं, "झालं नाटक? घे, चहा पी."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात," आई म्हणाली.

मला 'तुम्ही'! माझ्या हातात कप होता, तो मी हळूच खाली ठेवला. आईने दोन्ही हातांनी कप उचलला, आवाज न करता चहा प्यायली, मग उठून शेल्फवरची पुस्तकं सारखी करायला लागली. एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवत, एका रेषेत आणत. आमच्या घरात ती पुस्तकं बाबांनंतर कुणी हलवली नव्हती. आई त्यांना धूळखाऊ म्हणायची.

"आता मी निघू का?" ती म्हणाली. "घरी वाट बघत असतील."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एखादी गोष्ट चालत नसेल तर कुठेतरी तार तुटलेली असते, एवढं मला कळतं. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आईच्या डोक्यात काहीतरी झालं. हातपाय वाकडे होत नाहीत ना, बोलताना जीभ अडखळत नाही ना, सगळं तपासलं. मग चिकटपट्टीवर लिहिलेला बाईंचा नंबर आठवून लावला. बाईंच्या मुलाने उचलला.

"आई जरा अस्वस्थ आहे," तो म्हणाला. "जेवली नाही. दाराशीच उभी आहे, बसत नाही. आणि फार मोठ्याने बोलते आहे हो. आमची आई असं बोलत नाही."

तो बोलताना 'र' नीट म्हणत होता, पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी एक बारीकशी अडखळ होती.

"उद्या सकाळी त्यांना दुकानात घेऊन या," मी म्हटलं. "फोनसकट."

आईला मी समजूत काढून झोपवलं. ती पांघरुणात पाहुण्यासारखी सरळ पडून राहिली.

सकाळी आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत उजेड टाकला, तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. आईने सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

"या मोबाईल दुरुस्त करतात," आई म्हणाली. "फार चांगल्या आहेत. रात्री मला ठेवून घेतलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी आईचा हात धरला आणि बाहेर पडले. थांबले असते तर रडले असते.

दुकानापाशी पोचले तर ग्रंथपाल बाई बंद शटरसमोर उभ्या होत्या. मुलगा त्यांना सोडून कामावर गेला होता. चष्मा दोरीला लोंबत होता, स्वेटरची बटणं वरखाली लागली होती. मला बघताच त्या तरातरा पुढे आल्या.

"ही वेळ झाली दुकान उघडायची? आणि तोंड का उतरलंय तुझं, ठमे? जेवली नाहीस ना?"

आवाज त्यांचा होता, बारीक, कागदासारखा. पण बोलण्याचा हेल, ते शेवटचा शब्द आपटणं, ते प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघणं... मी रस्त्यात खिळून उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून हलकेच ओढली. मला ताप आला, मी घाबरले, मी परीक्षेला निघाले की आई हे करते. हे कुणालाही माहीत नाही. सांगण्यासारखं ते काही नाहीच.

"घरी ने मला," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाच्या घरात रात्र काढली मी? माणसं सभ्य आहेत, पण माझी नाहीत ती. मी सारखी तुला फोन करत होते, पण बोटं नीट चालेनात. ही बोटं बघ ना, ठमे." आणि त्यांनी ते अनोळखी, लांब, शाईचे डाग जिरलेले हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले.

माझ्या मागे माझी आई, म्हणजे जिला मी हात धरून आणलं होतं ती, शांतपणे उभी होती. तिने ग्रंथपाल बाईंकडे बघून मान लववली. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ती कोण?" त्यांनी मला विचारलं. "माझे कपडे का घातलेत तिने?"

मी शटर वर केलं. दुसरं काय करणार? एकदा वायरींची अदलाबदल झाली की परत अदलाबदल करायची, एवढंच मला येतं. हे वेडगळ आहे हे मला कळत होतं, आणि तरी माझे हात कामाला लागले होते. दोघींना बाकावर बसवलं. दार आतून लावलं. दोन्ही फोन घेतले. या वेळी दोघांनाही पट्टी लावली, अक्षरं मोठी काढली, दोनदा वाचली.

खरं संकट आता होतं. कालच्या कॉप्या मी पुसल्या होत्या, माझ्या त्या नियमापायी. आता आईचं जे काही होतं ते बाईंच्या फोनमध्ये होतं, आणि तिथून त्याची नवी कॉपी घ्यायची म्हणजे कॉपीची कॉपी. धंद्यात आम्हाला माहीत असतं, दर वेळी काहीतरी थोडं गळतं. एखादा फोटो उघडत नाही, एखाद्या नंबरामागचं नाव जातं. गिऱ्हाईक कुरकुर करतं, आपण सॉरी म्हणतो. इथे कुणाला सॉरी म्हणणार होते मी? तरी दोन्हींच्या नव्या कॉप्या घेतल्या.

"मन लावून कर," बाकावरून ग्रंथपाल बाईंच्या तोंडून आई म्हणाली. "धांदरट आहेस तू. लहानपणी चपला नेहमी उलट्या पायात..."

मी 'पुसा'वर बोट ठेवलं.

वाक्य तिथेच तुटलं.

मी वळून बघितलं. काल बघितलं नव्हतं.

दोघी ताठ बसल्या होत्या. डोळे उघडे. हात मांडीवर. रागावलेल्या नाहीत, घाबरलेल्या नाहीत. नवा फोन खोक्यातून काढून सुरू केला की काचेवर जसा कोरा उजेड येतो, तसे दोघींचे चेहरे होते. स्वागत करणारे. कुणाचंही.

"आई?" मी म्हटलं.

दोघींनी एकदम माझ्याकडे मान वळवली.

मी तोंडावर हात दाबला. मग कॉम्प्युटरकडे वळले आणि बघतच राहिले, पट्ट्या, वायरी, कोपरा. पट्ट्या, वायरी, कोपरा. मग दोन्हीकडचं भरणं सुरू केलं.

ग्रंथपाल बाईंचं लवकर भरलं. त्यांचं थोडंच होतं. त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला, स्वेटरच्या बटणांकडे बघून लाजल्या आणि ती नीट लावली.

"झालं का? आपला फार वेळ घेतला मी," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओणवं व्हावं लागलं. मी दार उघडून दिलं. बाहेर पडताना त्यांनी काउंटरवर वाकडी पडलेली माझी स्क्रूंची डबी सरळ केली. त्या गेल्या. मी दार परत लावलं.

कॉम्प्युटरवर किती भरलं ते दाखवणारी आईची रेघ अजून सरकत होती. दुपार उतरली. बाहेर कुणीतरी दार ठोठावून गेलं. आई तशीच बसून होती. अधूनमधून तिच्या बोटांत काहीतरी यायचं, पिशवीचा बंद चाळवायची, मग परत निपचित. एकदा तिच्या ओठांवर बाबांचं नाव आलं. एकदा ती कशालातरी हसली. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसून होते. ये आई, ये, एवढंच म्हणत होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटाला पोचता पोचता रेघ थांबली.

'काही गोष्टी परत आणता आल्या नाहीत.'

कोणत्या, ते लिहिलं नव्हतं. कधीच लिहीत नाहीत. खाली दोन बटणं होती, 'पुन्हा सुरुवात करा' आणि 'पुढे चला'. पुन्हा सुरुवात म्हणजे तिला परत त्या कोऱ्या चेहऱ्यापर्यंत न्यायचं. ते मला जमलं नसतं.

मी 'पुढे चला' दाबलं.

आईने खोल श्वास घेतला. मान चोळली. आजूबाजूला बघितलं.

"काय गं बाई ही धूळ! फडकं मारायला हात झिजतात का?"

मी हसत सुटले आणि रडतही सुटले. तोच आवाज, तोच हेल, शेवटचा शब्द आपटलेला. मी तिच्या गळ्यात पडले. तिच्या मानेला तिचाच वास येत होता.

तिने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग जरा थांबून मला हळूच लांब केलं.

"बरं बरं. काय झालं गं? घरी काही झालंय का?"

"काही नाही," मी नाक पुसत म्हटलं. "तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? गुणाची आहेस तू, पोरी. फोन बरा केलास माझा." तिने फोन उघडून बोट फिरवलं. "हे बघ, आले सगळे. यांचे निरोप पण आहेत. 'निघाले', 'निघाले', 'निघाले'... सगळे आहेत." ती उठली आणि पिशवी काखेला मारली. "चल, निघते मी. ठमी वाट बघत असेल."

मला वाटलं फिरकी घेते आहे. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठे हसू फुटतंय का. फुटलं नाही.

"आई, मी ठमी आहे."

"अगं बाई! तुलाही ठमीच म्हणतात घरी?" ती मनापासून हसली. "बघ, म्हणजे आमचीच एकटी नाही तर गुटगुटीत."

मी दुकान तसंच टाकून तिच्याबरोबर निघाले. मी पण तिकडेच राहते, असं काहीतरी बोलले. तिने चालताना माझ्या दंडाला धरलं, रस्ता ओलांडताना धरते तसं. संध्याकाळची गर्दी होती, फळवाल्याच्या गाडीवर दिवा लागला होता. आई बोलत होती.

"आमची ठमी पण हेच काम करते, मोबाईलचं. तिच्या तोंडावर कधी बोलत नाही मी, डोक्यावर बसेल. पण तुला म्हणून सांगते, हात फार चांगले आहेत तिचे. बापावर गेलेत. हे गेले तेव्हा सगळं तिनेच निभावलं, पण माझ्यासमोर कधी रडली नाही. मोरीत नळ सोडून रडायची. मला वाटायचं, पाणी किती जातंय... पण मी कधी नळ बंद कर म्हणाले नाही."

हे तिला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. नुसती मान हलवत चालत राहिले.

"तुझी आई कुठे असते गं?" तिने विचारलं.

आमच्या इमारतीचा जिना आला. ती माझ्या पुढे चढली, कठड्याला धरून, गुडघ्यांना नावं ठेवत. दारापाशी पिशवीत हात घालून किल्ली काढली. माझी किल्ली माझ्या खिशात होती, मी ती मुठीत धरून उभी होते. म्हटलं, आत जाईल, आमचं घर बघेल, माझ्या चपला, माझा पलंग, दोघींचे फोटो बघेल, आणि मग मी हळूहळू सांगेन. रोज थोडं थोडं सांगेन. काय गळलंय ते एकेक करून मीच परत भरेन. एवढं तरी मला येतं.

आईने कुलूप उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहून वळली.

"आत ये म्हटलं असतं, पण सगळा पसारा आहे. ये हं सावकाश कधीतरी. आमच्या ठमीशी तुझं चांगलं जमेल."

आणि तिने माझ्या तोंडावर दार लावलं. हळूच, परक्या माणसाला वाईट वाटू नये असं.

आतून तिचा आवाज आला.

"ठमे! आले गं मी!"

ओ द्यायला मी तोंड उघडलं.

"किती उशीर केलास गं आई," आतून कुणीतरी म्हणालं. "बस तू. मी चहा टाकते."

आवाज माझा होता. जसाच्या तसा.

मग स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला, आई म्हणाली, "धांदरट!" आणि आत दोघी हसायला लागल्या.